खुर्चीवरचे कपडे

छकुला एकवीस वर्षांचा झाला तरी त्याची नखं आईच कापायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती जुनं वर्तमानपत्र पसरून बसे, छकुला एक हात तिच्या मांडीवर ठेवी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत राही. धाकटी बहीण नाक मुरडायची. "दादा, लग्न झालं की आईलाही बरोबर घेऊन जा हं. नखं वाढली तर वहिनी बिचारी काय करणार?" आई हसायची, छकुलाही हसायचा. दाढीमिशा आलेला, दारातून आत येताना मान वाकवावी लागणारा माणूस, आणि नाव छकुला. पण घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वडील तो लहान असतानाच गेले होते. आई एका कपड्यांच्या दुकानासाठी घरी बसून दुरुस्तीची कामं करायची. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, बटणं लावणं. दिवसभर लोकांचे कपडे हातात, आणि त्यातून सवड काढून छकुल्याचं सगळं. त्याचे शर्ट इस्त्री होऊन खुर्चीवर यायचे, मळलेले त्याच खुर्चीवरून नाहीसे व्हायचे. "आई, बटण," एवढं म्हणून तो शर्ट टाकायचा. पुढचं त्याला बघावं लागत नसे. धाकटी तिचं तिचं करायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तुला काही हवंय का असं विचारलंही नव्हतं.

मग दुसऱ्या शहरात, कवळ्या बनवण्याच्या एका लॅबमध्ये त्याला नोकरी मिळाली. "सहा महिने शिकतो आणि इथेच येऊन काम बघतो," असं त्याने आईला सांगितलं. परत यायचं त्याच्या मनात नव्हतं. का नव्हतं, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. घरात त्याला काही कमी नव्हतं. पण अलीकडे आई कॉलर नीट करायला हात पुढे करायची आणि त्याचा श्वास कोंडायचा, एवढं खरं.

निघायच्या दिवशी दोघी बसस्टँडवर आल्या. कंडक्टर दार वाजवत होता, माणसं चढत होती, आणि तेवढ्यात आईचं लक्ष त्याच्या बुटाकडे गेलं. लेस सुटली होती. सगळ्यांच्या देखत ती खाली बसली आणि लेस बांधायला लागली. मागे उभी असलेली दोन पोरं फिदीफिदी हसली. छकुल्याची कानशिलं तापली. "सोड ना, आई!" म्हणून त्याने पाय हिसडला. बूट तिच्या मनगटाला लागला, ती तोल जाऊन हातांवर पडली. तो बसमध्ये चढला. खिडकीतून पाहिलं तर धाकटी तिला उठवत होती आणि आई हात झटकत, हसत, त्याला टाटा करत होती. उतरावं असं त्याला वाटलं. बस सुटली तेव्हा मात्र छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं, आणि असं वाटल्याची लाज पुढे सबंध प्रवासभर त्याच्या शेजारी बसून आली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लोखंडी पलंग, एक खुर्ची, एक खिडकी, कोपऱ्यात बेसिन. घरमालकीण तळमजल्यावर राहायची. तिचे गुडघे गेले होते, जिना चढणं तिच्याच्याने व्हायचं नाही. पहिले काही आठवडे छकुल्याने मोकळेपणा अगदी ओरपला. बेसिनपाशी उभ्याउभ्या पाव खाल्ला, अंथरूण तसंच चार-चार दिवस पडू दिलं, सुट्टीला आंघोळीची गोळी घेतली. कुणी विचारणारं नव्हतं. कधीकधी त्या कुणी-नाहीची भीती वाटायची. ताप आला तर? आपण पडलो तर? पण तीही भीती त्याला मोठ्या माणसांना असते तशी वाटायची, म्हणून आवडायची.

लॅबमधलं काम नाजूक होतं. दातांचे डॉक्टर माणसांच्या जबड्यांचे ठसे पाठवत. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते उकळत्या पाण्यात पक्कं करायचं. भिंतीवरच्या फळ्यांवर कुणाकुणाचे पांढरे जबडे ओळीने बसलेले असत. मालक तोंडाने फटकळ होते. आणि एक मुलगी होती, तयार कवळी फिरत्या चाकावर धरून चकचकीत करणारी. तिला सगळे पॉलिशवाली म्हणत. तीही फोनवर "पॉलिशवाली बोलतेय" असंच सांगायची.

एकदा मालकांनी छकुल्याला सगळ्यांसमोर धरलं. "हे दात लोकांच्या तोंडात जायचेत. कॉलर बघ स्वतःची! आणि ते बटण कुठे गेलं? आई नाही आली वाटतं बरोबर?" सगळे हसले. तो त्या दिवशी तणतणत खोलीवर आला, शर्ट काढून खुर्चीवर फेकला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "आई, बटण."

स्वतःचंच हसू आलं त्याला. दुसऱ्या दिवशी दुसरा शर्ट घालून तो कामाला गेला. संध्याकाळी परतला तर खुर्चीवरचा शर्ट धुतलेला, इस्त्री केलेला होता आणि बटण लागलेलं होतं.

आधी त्याला घरमालकिणीची शंका आली. तो खाली जाऊन विचारून आला. "मी? वर?" ती म्हणाली, "बाळा, मला अंगणातली कुंडी सरकवता येत नाही." किल्ली तर त्याच्याच खिशात होती. खोलीत येऊन त्याने बटण उजेडात धरलं. बटणाखाली दोऱ्याला उलटी गाठ मारलेली होती. आई तशी गाठ मारायची, म्हणजे एक दोरा तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. शर्ट तिथेच टाकून तो रस्त्यावर उतरला आणि किती तरी वेळ समोरच्या चहाच्या दुकानात, माणसांत, बसून राहिला.

दोन-तीन दिवसांनी धाकटीचा फोन आला.

"दादा, आई हल्ली दुपारची झोपते."

"मग झोपू दे की."

"अरे, आई कधी दुपारची झोपलीय का? जेवण झालं की अशी आडवी होते जसं कुणी बटण बंद केलंय. हाका मारल्या तरी उठत नाही. आणि झोपेत हात चालतात तिचे. सुईत दोरा ओवल्यासारखे. परवा उठली तर बोटांच्या टोकांना टोचलेलं होतं. सुई हातातसुद्धा नव्हती रे."

छकुल्याला एका क्षणात सगळं कळलं. कळलं नाही असं त्याला पुढे कधीच म्हणता आलं नाही. बोलायची वेळ तीच होती. "डॉक्टरांना दाखव," तो म्हणाला. "वयच झालंय आता तिचं." आणि इकडचं तिकडचं बोलून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना तो दारात थोडा घुटमळला. मग परत आत आला आणि दोन मळके शर्ट खुर्चीवर ठेवून गेला.

असं ते सुरू झालं. माणसाला भीतीचीही सवय होते, आणि सोयीची तर लगेच होते. मळलेलं ठेवावं, धुतलेलं घ्यावं. फाटका मोजा ठेवावा, रफू केलेला उचलावा. हळूहळू न ठेवलेल्या गोष्टीही व्हायला लागल्या. अंथरुणाला घडी पडायची, बेसिन लख्ख व्हायचं, कपात दूध झाकून ठेवलेलं असायचं. लॅबमध्ये मालक म्हणाले, "शहाणा झालास रे! आता माणसात आलास." छकुला ओशाळं हसला. आपण एकटे राहून सगळं निभावतो असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंच आहे असं दिवसाउजेडी त्याला वाटायचंही.

धाकटीचे फोन येतच होते. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आईची झोप आता संध्याकाळपर्यंत लांबत होती. ती वाळत चालली होती. "आज तिच्या हातावर भाजल्याचा डाग आहे, दादा. इस्त्रीच्या टोकासारखा. आपली इस्त्री तर कपाटात आहे." त्या दिवशी छकुल्याने घातलेल्या शर्टाची कॉलर फार सुंदर बसली होती. तो फोनवर "हं, हं" करत राहिला. पुढे पुढे तो धाकटीचा फोन वाजू द्यायचा आणि नंतर "कामात होतो" असा निरोप पाठवायचा.

एकदा लॅबची वीज गेली. मालकांनी दुपारीच सगळ्यांना सोडलं. छकुला जिना चढून आला, किल्ली फिरवली आणि दार वीतभर उघडून तसाच उभा राहिला.

पलंगावर चादर पसरून त्यावर त्याचा शर्ट ठेवला होता आणि त्यावरून, आईने निघताना बॅगेत घालून दिलेली आणि त्याने कधी हातात न धरलेली, इस्त्री फिरत होती. ती धरणारं कुणी नव्हतं. पलंगाच्या कडेला गादी दबलेली होती, कुणी बसल्यासारखी. कॉलरच्या टोकाशी आली की इस्त्री थोडी थांबे, टोक दाबे, मग वळे. आणि खोलीत धापेचा आवाज होता. म्हातारं माणूस ओझं घेऊन जिना चढतं तेव्हा जसा येतो तसा, मध्येच अडकणारा. एकदा इस्त्री कलंडली, "स्स्" असा आवाज आला, आणि क्षणभराने ती पुन्हा उचलली गेली.

"आई, पुरे," एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. छकुल्याने ते म्हटले नाहीत. आत कुणी कामात असलं की आपण जसं हळूच दार ओढून घेतो तसं त्याने दार ओढून घेतलं, आणि खालच्या पायरीवर जाऊन बसला. काम संपेपर्यंत बसला. मग वर जाऊन त्याने तो शर्ट, अजून ऊन असलेला, हँगरला लावला.

पॉलिशवालीशी त्याचं जुळत होतं. ती मोकळी, हसरी, तोंडाची थोडी तिखट. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणायची, "तुझे कपडे बघून मला माझी लाज वाटते. शिकव ना मला एकदा." छकुला विषय बदलायचा. एका सुट्टीच्या दुपारी ती त्याच्या खोलीवर आली. दोघांनी बाहेरून आणलेलं खाल्लं, मालकांच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसले. जेवल्यावर तिला पेंग आली. "पाच मिनिटं पडते," म्हणून ती पलंगावर आडवी झाली. छकुला तिच्याकडे बघत बसला. आपण कुणाचे तरी आहोत आणि ते आपलं आपण ठरवलंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग चहाला दूध नाही म्हणून तो खाली दुकानात गेला.

परत येताना जिन्यातच तिची किंकाळी ऐकू आली.

ती पलंगावर उताणी होती आणि तिला उठता येत नव्हतं. दोन्ही बाह्या, सदऱ्याची कड, उशीवर पडलेली वेणी, सगळं गादीला शिवलेलं होतं. टाके बारीक, सरळ, एकसारखे. दर थोड्या अंतरावर उलटी गाठ. शेवटचे टाके मनगटाशी आले होते, आणि तिथे दोऱ्याने कापडाबरोबर कातडीही घेतली होती. चादरीवर रक्ताचे ठिपके पडत होते.

"कापायला काहीतरी आण! अरे, काय बघतोस?"

त्याने कात्री आणली. वेणीची टोकं कापावी लागली. मनगटाचा दोरा ओढताना ती ओठ चावून रडली. सुटल्या सुटल्या ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"कोण आहे इथे?"

"कुणी नाही."

"खोटं बोलू नकोस. मी ओरडत होते आणि तू टाके बघत होतास. तू घाबरला नाहीस. तुला माहितीये कोण आहे ते."

छकुल्याने कात्री खाली ठेवली. तिने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरून गेली.

तिच्यामागे जावं, की घरी फोन करावा, की ही खोलीच सोडावी, काही सुचेना. तो चादर गुंडाळून पलंगावर बसला. रडला. आणि दुपारच्या त्या जड उन्हात, कधी ते त्यालाही कळलं नाही, त्याचा डोळा लागला.

जाग आली ती नखांशी काहीतरी कचकन वाजलं म्हणून. हात हलवायला गेला तर हलेना. त्याच्या बाह्या गादीला शिवलेल्या होत्या. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, इतकी घट्ट की आवंढा गिळता येईना. दाराशी काढलेले बूट पायांत होते आणि लेसा करकचून बांधलेल्या. नेल कटर एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जात होतं. नखं संपली होती तरी ते थांबत नव्हतं. मांसापर्यंत जाऊन पुढच्या बोटावर सरकत होतं. चेहऱ्याजवळ तीच धाप होती, आता फार जवळ, फार क्षीण.

"आई, सोड ना," तो ओरडला.

कटर थांबलं. ओठांना ओलं काहीतरी लागलं. दुधात भिजवलेला पाव. त्याने तोंड फिरवलं तर एका कोरड्या हाताने जबडा धरला आणि पाव आत ढकलला. त्याने गिळला नाही तोच पुढचा घास आला. मग पुढचा. घास घशात अडकला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तळव्याने त्याचं तोंड हळुवार पुसलं. तो हळुवारपणाच त्याला असह्य झाला. लहानपणी तापात हाच हात कपाळावर असायचा.

खुर्चीवर फोन वाजत होता. वाजून वाजून बंद पडे, पुन्हा वाजे. छकुल्याने जीव खाऊन हिसडा दिला. एक बाही खांद्यातून फाटली. सुटलेल्या हाताने त्याने दुसरी ओढून काढली, बटणं तोडली आणि फरशीवर कोसळला. रक्ताळलेल्या बोटांनी त्याने फोन कानाला लावला.

"दादा," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "आई काल दुपारी झोपली ती अजून उठली नाहीये."

तो मिळेल त्या बसने निघाला. घरी पोहोचला तेव्हा नुकते दिवे लागले होते. धाकटीने दार उघडलं, त्याच्या बोटांना गुंडाळलेल्या फडक्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

पलंगावर आई होती, पण केवढीशी. चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं इतकी. डोळे मिटलेले, गाल आत गेलेले. फक्त हात जिवंत होते. एक हात हवेत काहीतरी कुस्करायचा, बोटांत धरायचा, पुढे न्यायचा. मग तळवा फिरायचा, कुणाचं तोंड पुसल्यासारखा. बोटांची टोकं सुयांनी चाळणी झालेली, मनगटाशी इस्त्रीचे डाग, एकावर एक.

"डॉक्टर येऊन गेले," धाकटी म्हणाली. "सकाळपर्यंत नाही उठली तर दवाखान्यात हलवायचं म्हणाले. दादा, तुला काही माहीत होतं का?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी रोज दुपारी तिचे हात धरून बसायचे. रोज. आणि तू शर्ट बदलत होतास." ती स्वयंपाकघरात निघून गेली.

छकुला आईजवळ बसला. त्याने तिचे दोन्ही हात धरले. ते त्याच्या हातातून निसटायला बघत होते, आणि त्यांत इतकी ताकद होती की त्याला अंगाचा भार टाकावा लागला.

"आई, मी इथे आलोय. तिकडे कुणी नाही. बघ माझ्याकडे."

किती तरी वेळाने तिने डोळे किलकिले केले.

"आलास? घास पुरा नाही केलास," ती म्हणाली.

"आई, तू येत होतीस तिकडे."

"मला वाटायचं, स्वप्न आहे. चांगलं स्वप्न. दमायला व्हायचं, पण तू खुर्चीवर काढून ठेवायचास ना. नको असतं तर ठेवलं नसतंस, असं वाटायचं."

"हवं होतं मला."

"मग आता काय झालं?"

"आता नको."

तिचे हात त्याच्या मुठीत अजून वळवळत होते. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं जसे ते दुसऱ्याचे असावेत. "असं नको, बाळा. तू लहानपणी 'नको नको' म्हणत भांडं रिकामं करायचास. या हातांना तेवढंच माहितीये. नीट सांग. काही लपवून ठेवू नकोस."

मग त्याने सांगितलं. परत यायचं नव्हतं तरी सहा महिन्यांची थाप मारली, ते सांगितलं. बसस्टँडवर ती पडली आणि त्याला हलकं वाटलं, ते सांगितलं. फोनवर सगळं कळूनही शर्ट ठेवले, ते. इस्त्री फिरताना बघितली, चटका बसल्याचा आवाज ऐकला आणि दार ओढून पायरीवर बसला, तेही सांगितलं. आई डोळे उघडे ठेवून ऐकत होती. पायरीचं ऐकल्यावर तिने मान भिंतीकडे वळवली.

"तू दारात होतास?"

"हो."

"आणि आत आला नाहीस."

"नाही."

तिचे हात अजून शांत होत नव्हते.

"माझं काहीही करू नकोस," छकुला म्हणाला. "बटण नाही, कपडे नाही, जेवण नाही. मी उपाशी राहिलो तरी नाही. मागितलं तरी नाही. कधीच नाही. मला तुझी काळजी नको, आई."

ते शेवटचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. पण ते निघालं आणि त्याच क्षणी तिचे हात त्याच्या मुठीत मेल्यासारखे पडले. आईच्या तोंडातून बारीकसा आवाज आला, दोरा दाताने तोडताना येतो तसा. ती झोपली. या वेळी हात चादरीवर निपचित होते. सकाळी ती आपली आपण उठली आणि तिने धाकटीकडे पाणी मागितलं.

आई वाचली, अंगावर मांसही धरलं. पण बोटं पूर्ववत मिटली नाहीत. सुई तिच्या हातात ठरेना. दुकानाचं काम सुटलं. मग छकुला पगारातून पैसे पाठवायला लागला आणि दुपारी सोबतीला, घरकामाला एक बाई ठेवली. धाकटीने दुसरीकडे शिकायला जायची इच्छा मनात मारून ठेवली होती, हे छकुल्याला तेव्हा कुठे कळलं. कधी विचारलंच नव्हतं त्याने. आता ती शिकायला गेली. जाताना म्हणाली, "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण फोन केलास तर उचलेन."

लॅबमध्ये पॉलिशवाली त्याच्याशी कामापुरतं बोलायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला सगळं सांगितलं. तिने मनगटावरच्या पांढऱ्या वणाकडे पाहत ऐकून घेतलं. "खरं असेल," ती म्हणाली. "मला त्याचं काही नाही. पण परत कुणी ओरडलं तर आधी तिच्याकडे बघ." आणि ती चाक सुरू करायला उठली.

छकुल्याने खोली बदलली. तो स्वतःचं करायला शिकला, वाईट का होईना. बटणं तिरकी लागायची, भात करपायचा. त्याच्या खोलीत आता दुपारी काहीही हलत नसे. सोडून गेला तसाच पसारा संध्याकाळी भेटायचा. ती शांतता त्याला आवडायची आणि तिचीच धास्तीही वाटायची, कारण ती कशाच्या बदल्यात आली ते त्याला पाठ होतं.

सुट्टीला तो घरी जाई. आई त्याला "बस" म्हणायची, पाण्याकडे बोट दाखवायची. त्याच्या शर्टाला बटण नसलं तर तिची नजर तिथून हळूच बाजूला व्हायची. ती रागावलेली नव्हती. राग असता तर त्याने समजूत काढली असती. पाहुण्याशी वागावं तशी ती नीट वागायची, एवढंच.

अशाच एका दुपारी तो जेवणाची भांडी घासत होता. आई स्वेटरच्या खिशात हात घालून दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या दोघीतिघी जिन्यात तिची वाट बघत होत्या; त्या रोज फिरायला जात.

"दुपार एवढी मोठी असते, मला माहीतच नव्हतं रे," ती म्हणाली, जराशा नवलाने. "तू निघशील ना आपला आपण?"

"हो. मी थांबू का तू येईपर्यंत?"

"कशाला? मला उशीर होईल."

त्या हसत-बोलत जिना उतरून गेल्या. छकुला ओल्या हातांनी खिडकीपाशी आला. रस्त्याच्या टोकापर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला, ती एकदा तरी मागे वळेल म्हणून. ती वळली नाही. न वळणंच बरोबर होतं. तरी तो तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या हातांवरचं पाणी वाळून गेलं.